खो मिळाल्याशिवाय

माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि मोठे शब्दही येत नाहीत. वाचताना चूक दिसली तर सांभाळून घ्या. जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे, तेवढंच लिहितो.

"सर, तुम्ही त्यांना काय सांगणार?"

अभिनंदन मगदूमनं हे विचारलं तेव्हा मुल्लाणी सर झारीनं मैदानावर पाणी मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"खर्डेकर सरांना. सात वाजता तुम्हाला फोन येणार आहे त्यांचा."

"येऊ दे की."

"पण तुम्ही काय सांगणार?"

सरांनी झारी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या चौकोनाकडं गेले...

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे.

खर्डेकर सर म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजचे खेळाचे सर. हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धेत त्यांनी अभिनंदनला खो-खो खेळताना पाहिलं. आमच्या भागात त्याच्यासारखा दुसरा नाही, हे मी मित्र म्हणून सांगत नाही. खांबाजवळ सूर मारून तो पळणाऱ्याला टिपायचा तेव्हा कडेला बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची. खर्डेकर सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की खेळाच्या कोट्यातली एक जागा आहे. फी नाही, राहणं-जेवण कॉलेजचं. पण त्या जागेसाठी दोन पोरं आहेत, तू आणि नगरकडचा एक. पळणं मी दोघांचंही बघितलंय. तीन वर्षं संघात ठेवायचा माणूस कसा आहे, ते मी त्याच्या सरांना विचारतो. ते हो म्हणाले तर तुझं नाव घालतो.

ते नाव त्या दिवशी घालायचं होतं. सातला फोन आणि सव्वासातला त्यांची बैठक.

अभिनंदनच्या घरी होस्टेलला न्यायची गादी शिवून तयार होती. त्याचे वडील आणि मी एकाच कापडाच्या कारखान्यात मागावर कामाला. मालक त्यांना म्हणत होता, बारावी झालेलं पोरगं घरात बसवून काय करताय, एक माग रिकामा आहे, घेऊन या. वडिलांनी आजच्या दिवसापर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं. तो रिकामा माग माझ्या मागाला लागून आहे. म्हणून मलाही त्या दिवशी काही सुचत नव्हतं.

मुल्लाणी सर आमच्या शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आमच्या खो-खो मंडळाचं मैदान तेच बघतात. शाळा सुटलेल्या पोरांनाही ते येऊ देतात, त्यामुळं माझा खेळ सुटला नाही. त्यांचे गुडघे गेले आहेत. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही अशी ताकीद दिली आहे. मैदानावर ते एकतर उभे असतात, नाहीतर शाळेच्या लोखंडी खुर्चीत.

अभिनंदन त्यांच्या मागं मागं चालत होता.

"सर, माझं काही चुकलंय का?"

"मी तसं म्हणालो?"

"मग हो म्हणणार ना?"

"जे विचारतील त्याचं उत्तर देईन."

"ते विचारणार, पोरगा कसा आहे."

सर थांबले. पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"कसा आहे?"

अभिनंदनला वाटलं हे सोपं आहे. त्यानं सांगायला सुरुवात केली. किती स्पर्धा खेळलो, किती गडी बाद केले, ताप असतानासुद्धा सराव चुकवला नाही, तंबाखूला हात लावत नाही, मैदानावर कुणाशी भांडण नाही. सगळं खरं होतं. त्यातला एक शब्द वाढवून सांगितलेला नव्हता. शेवटी सरावाला जमलेल्या आमच्याकडं हात करून तो म्हणाला की मी नसतो तर हा संघ जिल्ह्याच्या बाहेर तरी गेला असता का, यांनाच विचारा.

 तौफिक चड्डीची नाडी परत बांधायला लागला. ती सुटलेली नव्हती.

सर म्हणाले, "हे सगळं खर्डेकरांना माहीत आहे. मला काय माहीत आहे, ते विचारणार ते."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

सरांनी झारी खाली ठेवली. पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली. त्यांचा मोबाइल त्या पिशवीत असतो.

"बसा रे सगळे."

आम्ही आठ जण मधल्या पट्टीत आपापल्या चौकोनात बसलो. एकाचं तोंड इकडं, शेजारच्याचं तिकडं. ज्यांनी कधी खो-खो बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बसलेल्यानं आपल्या मनानं उठायचं नसतं. पळणारा मागून येतो, पाठीला हात लावतो, खो म्हणतो, मगच उठायचं. आणि ज्यानं खो दिला त्यानं लगेच त्याच्या जागी बसायचं. त्याआधी कुणी उठलं तर फाऊल.

सर म्हणाले, आज कुणी कुणाला पकडायचं नाही. अभिनंदन आणि सुशांत, दोघांनी सामन्यात येतात तसं पळत येऊन खो द्यायचा, पण तोंडानं बोलायचं नाही. नुसता हात. बसलेल्यानं मागं न बघता सांगायचं, हात कुणाचा.

अभिनंदननं घड्याळाकडं बघितलं. 

पहिला बाहुबली. अंगानं आमच्यात तोच मोठा. सुशांतनं त्याच्या पाठीला हात लावला.

बाहुबली विचार करून म्हणाला, "तौफिक."

तौफिक त्याच्या शेजारीच बसला होता. सगळे हसले. तौफिक म्हणाला, लेका, माझे हात माझ्यापाशी आहेत.

मग अभिनंदन पळत आला.

"अभ्या," बाहुबली लगेच म्हणाला.

नंतर तौफिक. सुशांतच्या हाताला तोही अडखळला. अभिनंदनला ओळखलं. ही काय विचारायची गोष्ट आहे का सर, असं वर म्हणाला.

मग मी. पहिला हात लागला तेव्हा मला काही सांगता आलं नाही. दुसरा लागला आणि माझे दोन्ही तळहात पुढं मातीत टेकले.

"अभिनंदन," मी म्हणालो.

सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "मारुती, कसं ओळखलंस?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. 

तौफिकच बोलला. "सर, बाकीचे खो देतात. हा आमच्यावर ब्रेक मारतो."

परत हसणं झालं. बाहुबली म्हणाला, माझी पाठ रुंद आहे म्हणून सारखा माझ्यापाशीच थांबतो, मी म्हणजे एसटीचा थांबा. अभिनंदन स्वतःही हसत होता. तो वाईट पोरगा नाही, हे मला मध्येच सांगायला पाहिजे.

पण रांग पुढं सरकली तसं त्याचं हसणं कमी झालं. प्रत्येकजण सुशांतच्या हाताला अडखळत होता आणि अभिनंदनला लगेच ओळखत होता. शेवटच्या पोराला त्यानं मुद्दाम हळू पळत येऊन डाव्या हातानं खो दिला.

ते पोरगं म्हणालं, "अभ्याचा हात दुखतोय काय रे आज?"

या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

अभिनंदन सरांकडं वळला. चेहरा लाल झाला होता. "सर, जोरात पळणाऱ्याला थांबायला काहीतरी लागतंच. मग काय, हळू पळू? खर्डेकर सरांनी माझं पळणंच बघितलंय."

त्याचं बोलणं मला पटलं. मला वाटलं आता सर काहीतरी समजावून सांगतील.

सरांनी चपला काढल्या. माझ्याजवळ आले, मला उठायची खूण केली आणि माझ्या खांद्याला धरून हळूहळू माझ्या चौकोनात खाली बसले. चवड्यांवर, खेळाडू बसतो तसे. त्यांचा गुडघा वाजलेला मला ऐकू आला.

"सर, डॉक्टरांनी..." मी म्हणालो.

त्यांनी माझा खांदा सोडला.

"अभिनंदन. मला दे."

"तुम्हाला? तुम्हाला कसा देऊ?"

"यांना देतोस तसा."

अभिनंदन मागं गेला. पळायच्या जागेवर जाऊन उभा राहिला, पण पळेना.  शाळेच्या भिंतीपलीकडून मागांचा आवाज येत होता, तो आमच्या गावात कधी थांबत नाही.

आणि सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत फोन वाजायला लागला.

कुणाचा ते सगळ्यांना कळलं. अभिनंदन सुटलाच. धडपडत आला, सरांच्या पाठीवर हात मारला आणि तसाच सायकलकडं बघत उभा राहिला.

सर पुढं पडले. आधी हात टेकले, मग कपाळ. टोपी लांब जाऊन पडली.

मी आणि बाहुबली धावलो.

"जागेवर," सर म्हणाले. त्यांचं तोंड मातीकडंच होतं. एकेक हात मागं घेत ते स्वतःच परत चवड्यांवर बसले. कपाळाला ओली माती लागली होती, ती त्यांनी पुसली नाही.

"परत."

"सर, फोन."

"ऐकतोय."

"मग उठा की सर."

"खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही."

"आत्ता दिला की मी."

"पाडलंस. खो कुठं दिलास?"

फोन वाजून वाजून बंद झाला.

सुशांत हळूच पिशवीकडं निघाला. सरांची त्याच्याकडं पाठ होती. तरी ते म्हणाले, फोन माझा आहे. सुशांत होता तिथं उभा राहिला.

मग अभिनंदन जे बोलला ते मी सगळं लिहीत नाही. मला मागावर पाठवून तुम्हाला काय मिळणार, असं म्हणाला. लोक म्हणतात की मुल्लाणी सर चांगला खेळाडू गावाबाहेर जाऊ देत नाहीत, मंडळासाठी धरून ठेवतात, तुमच्या बाजूनं मी त्यांच्याशी भांडत होतो, असंही म्हणाला. आवाज चढला होता, मध्येच फुटत होता. आम्ही माना खाली घातल्या. सरांपुढं असं कुणी कधी बोललं नव्हतं.

सर त्याच्याकडं पाठ करून बसलेले होते. त्यांची एक टाच थरथरत होती.

"बोलून झालं की दे," ते म्हणाले.

फोन परत वाजला.

या वेळी अभिनंदन चालत आला. अगदी जवळ येऊन त्यानं दोन बोटं पुढं केली आणि सरांच्या सदऱ्याला लावली. पाठीला लागली की नाही कुणास ठाऊक. खो म्हणाला तेही तोंडातल्या तोंडात.

सर उठले नाहीत.

"दिला सर."

"कुणाला?"

...

फोन वाजत होता. अभिनंदननं हात परत पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला. मघाशी पाडलं होतं, आता हात लावायलाच भीत होता. तेवढ्यात फोन थांबला.

मग बराच वेळ काही वाजलं नाही.

"घालणार आता ते त्याचं नाव," अभिनंदन हळू आवाजात म्हणाला. "नगरच्याचं."

 मला त्या रिकाम्या मागाची आठवण झाली.

उजेड कमी झाला होता. सरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी एक हात जमिनीला टेकवला होता. खांदे हलत होते. अभिनंदन मागं उभा राहून त्या पाठीकडं बघत होता. सायकलकडं बघायचं त्यानं आता सोडून दिलं होतं.

"सर," तो म्हणाला, "कुठला गुडघा? डावा का उजवा?"

"डावा."

तो वळला आणि चालायला लागला. मला वाटलं घरी निघाला. तौफिक त्याला हाक मारणार होता, तेवढ्यात तो पळायच्या जागेवर जाऊन थांबला. तोंड आमच्याकडं केलं.

मग तो पळत आला. हळू नाही. सामन्यात यायचा तसाच, सगळा जीव लावून. मी डोळे मिटून घेतले.

माती घसरल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. तो सरांच्या एक पाऊल मागं थांबला होता. चवडे ओल्या मातीत रुतले होते, अंगठ्याचं नख फाटून रक्त येत होतं, सगळं अंग मागं ओढून धरलं होतं. त्या अंगातून फक्त एक हात पुढं आला आणि सरांच्या पाठीवर उजव्या बाजूला पडला. सगळा तळवा.

"खो."

सर उठले.

कसे उठले ते मला सांगता येत नाही, पण कुणाचा हात न धरता उठले. आणि उठल्यावर थांबले नाहीत. खो मिळालेला गडी पळतो तसे लंगडत खांबापर्यंत गेले. खांबाला हात लावला आणि तिथंच टेकून उभे राहिले, श्वास घेत.

अभिनंदन त्यांच्या चौकोनात बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खो दिला की बसायचं, तेवढंच. त्याचं तोंड सरांचं होतं त्याच बाजूला होतं, म्हणजे सायकल त्याच्या पाठीमागं होती.

सर सावकाश सायकलपाशी गेले. पिशवीतून चष्मा काढला, मग फोन काढला. नंबर शोधायला त्यांना फार वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

"खर्डेकर सर, मुल्लाणी बोलतोय... नाही, नाही, ऐकू येत होता. मला उठता येत नव्हतं."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. ते आम्हाला ऐकू आलं नाही. नुसता बारीक आवाज.

"बैठक सुरू झाली का?... हां... असू दे. विचारा."

अभिनंदन चवड्यांवर बसून होता. मान सरळ. 

सर ऐकत होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आमच्या रांगेकडं बघितलं.

"कसा आहे म्हणजे..." ते म्हणाले.

...

"आत्ताच खो देऊन बसलाय."

पलीकडचा आवाज थांबला.  मग परत तो बारीक आवाज आला. सर बरं म्हणाले, दोनदा. सांगतो म्हणाले. फोन पिशवीत टाकला, चष्मा डबीत ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"अभिनंदन, सोमवारी दाखले घेऊन पुण्याला ये म्हणालेत."

बाहुबलीनं शिट्टी मारली. तौफिकनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. अभिनंदन ताडकन उठला, रडत होता की हसत होता ते कळत नव्हतं, आणि सरांच्या पाया पडायला धावला.

सर एक पाऊल मागं सरकले.

"तुला खो कुणी दिला?"

अभिनंदन अर्धा वाकलेला तसाच राहिला...

मग तो मागं वळला आणि चौकोनात जाऊन बसला. सरांनी टोपी उचलली, मांडीवर झटकली आणि सायकल हातात धरून फाटकाकडं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी सुटल्यावर मी घरी न जाता मैदानावर गेलो. सर आले नव्हते, गुडघा सुजला होता. अभिनंदन कुणाशी न बोलता रांगेत बसला. पळायला मी उभा होतो. पहिला खो मी त्याला दिला.